तुरुंगात लिहिणाऱ्या खुळ्यांची स्तुती

तुरुंगात बसून लिहिणे हा खुळेपणा आहे. ही तक्रार नव्हे. मी या खुळेपणाची स्तुती करायला बसलो आहे आणि ती मनापासून करणार आहे.

आधी शहाणपणाची बाजू मांडतो, कारण तीही खोटी नाही. शहाणा कैदी प्रकृती जपतो, शिस्तीत राहतो, शिक्षेतून माफीचे दिवस पदरात पाडून घेतो. कच्चा कैदी असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय कागदावर एक अक्षर उतरवत नाही, कारण तेच अक्षर उद्या आपल्याविरुद्ध उभे राहील. राजकीय कैद्याने तर लेखणीला शिवूच नये, कारण तो आत आला तोच बहुधा काहीतरी लिहिल्या-बोलल्यामुळे. त्यातून कागद तुरुंगाधिकाऱ्याच्या मर्जीने मिळणार, उजेड बराकीतल्या दिव्याचा, आणि लिहिलेले बाहेर जाण्याआधी परक्या माणसाच्या नजरेखालून जाणार. मानधन नाही, प्रकाशक नाही, वाचक मिळेल याची हमी नाही. झडतीत वही गेली तर दाद कोणाकडे मागायची?

हे सगळे ठाऊक असूनही काही माणसे लिहितात. आपल्या मराठी मुलखाने अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत.

१९०८ सालचा टिळकांचा खटला घ्या. ‘केसरी’तले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन लेख राजद्रोही ठरले आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्नावे वर्ष पुरे होणार होते. अंगात मधुमेह होता. लिहिण्याची किंमत कोर्टाने वर्षांत मोजून हातात ठेवली होती. अशा माणसाने मंडालेला जाऊन तब्येत सांभाळली असती तर कोणी नाव ठेवले नसते. टिळकांनी तिथे पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहून काढले. शाई मिळत नव्हती म्हणून शिसपेन्सिलीने लिहिले. सुटे कागद नव्हते, बांधीव वह्या होत्या आणि त्यांची पाने मोजलेली होती. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ते कळले तेव्हा टिळक मंडालेतच होते. १९१४ साली सुटका झाली तेव्हा सरकारने वह्या तपासणीसाठी ठेवून घेतल्या. त्या परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ निघाला. ज्या हाताने लिहिल्याबद्दल सहा वर्षे मिळाली, त्याच हाताने त्या सहा वर्षांत सगळ्यांत मोठे लिखाण करायचे, ही गोष्ट कुठल्याही हिशेबात बसत नाही. म्हणूनच मला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

अंदमानात तर पेन्सिलही नव्हती. सावरकरांनी ‘कमला’च्या ओळी कोठडीच्या भिंतीवर कोरल्या आणि तोंडपाठ केल्या. त्यांच्या राजकारणाशी माझे कधी जमले नाही आणि जमणारही नाही. पण भिंत हीच वही करणाऱ्या त्या वेडाला मी कमी दाद देणार नाही. आपल्या पक्षाच्या कैद्याचीच तेवढी स्तुती करणे मला शहाणपणाचे वाटते, आणि आज मी शहाणपणाच्या बाजूने बोलत नाही.

या खुळ्यांनी आत बसून लिहिले काय, हे पाहिले की मला जास्त भरून येते. बाहेरच्याला वाटते, क्रांतिकारक कैदी म्हणजे जाहीरनामा लिहीत असणार, हुकूमशाहीवर कोरडे ओढत असणार. प्रत्यक्षात साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत काय लिहिले? आई. कोकणातले दारिद्र्य, सावकार, आईचा मार, आईची माया. ‘श्यामची आई’चा बराचसा भाग त्या पाच दिवसांतला आहे. साम्राज्याशी झगडून आत गेलेला माणूस साम्राज्याचे नावही न घेता पालगडच्या घरात शिरतो. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि ते भराभर उतरवून घेणारा हातही साने गुरुजींचाच होता. अठरा अध्याय, अठरा रविवार. दुसऱ्याचे शब्द टिपण्यात आपले रविवार घालवणारा माणूस कोणत्या फायद्यासाठी ते करत असेल, हे मी शोधले. फायदा सापडला नाही.

अहमदनगरच्या किल्ल्यात तेच. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसची कार्यकारिणी तिथे कोंडली गेली. नेहरूंनी १९४४ सालच्या पाच-सहा महिन्यांत ‘भारताचा शोध’ लिहिला, हे सगळ्यांना माहीत असते. मला जास्त ओढ मौलाना आझादांच्या पत्रांची आहे. ‘गुबार-ए-खातिर’मधली ती पत्रे त्यांनी एका मित्राला उद्देशून लिहिली आणि टपालात टाकलीच नाहीत, टाकता येत नव्हती. त्यात चहा आहे. पहाटे उठून स्वतः केलेला, दुधाविना प्यायचा, चिनी चहा. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत, त्यांच्याशी आधी मांडलेले युद्ध आणि मग जमलेली दोस्ती आहे. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला बेगम आझाद वारल्या. त्यांना भेटायला जाण्यासाठी सरकारकडे अर्ज करणे मौलानांनी नाकारले होते. ते दुःखही त्या पत्रांत आहे. देशाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी ज्याच्या सहीने व्हायच्या, तो माणूस न टाकलेल्या पत्रांत चिमण्यांचे स्वभाव लिहीत बसला होता. त्या किल्ल्यात त्याहून चांगले काम झाले असेल असे मला वाटत नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडे येतो. मंडाले आणि नाशिक पाठ्यपुस्तकातून आपल्याला ठाऊक असतात. प्रभाकर संझगिरी मात्र कायद्याच्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक असतात, तेही खटल्याच्या शीर्षकापुरते.

१९६२च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध झाले. भारत संरक्षण नियम लागू झाले आणि कम्युनिस्टांना देशभर स्थानबद्ध करायला सुरुवात झाली. महाराष्ट्रातले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना नोव्हेंबरात मुंबईच्या तुरुंगात ठेवले. खटला नाही, आरोप सिद्ध करायचा प्रश्न नाही, किती दिवस याचा पत्ता नाही. देशात चीनविषयी संताप होता आणि कम्युनिस्ट म्हणजे चीनचा हस्तक असे सर्रास बोलले जात होते. अशा वेळी स्थानबद्ध कम्युनिस्टाने काय लिहावे? आपण देशद्रोही नाही याचे निवेदन लिहावे. निदान पक्षाच्या भूमिकेचे समर्थन लिहावे. संझगिरींनी मराठीत एक विज्ञानाचे पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’.

लिहिण्याला सरकारची परवानगी होती, हे आवर्जून सांगतो. पुस्तक पुरे झाल्यावर संझगिरींनी हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्यावे, म्हणजे ती ते छापण्याची व्यवस्था करील, असा अर्ज केला. सरकारने तो नाकारला. तुरुंगाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, त्यांनीही नाकारला. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने पुस्तक बाहेर जाऊ द्या असे सांगितले, तर महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले.

सरकारचे म्हणणे मुद्देसूद होते. स्थानबद्ध माणसाचे स्वातंत्र्य स्थानबद्धतेबरोबरच संपते. मग त्याला जे काही करता येते ते केवळ सवलत म्हणून, आणि त्या सवलती १९५१च्या एका आदेशात लिहिलेल्या आहेत. पत्र लिहिणे, भेटी, खाणे, कपडे यांच्याबद्दल त्यात तरतुदी आहेत. पुस्तक छापायला बाहेर पाठवणे त्या यादीत नाही, म्हणून ते करता येणार नाही. या युक्तिवादात अणूविषयी एक शब्द नाही, पुस्तकात धोकादायक काय आहे याविषयी एक शब्द नाही. उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहिली होती आणि विषय निव्वळ विज्ञानाचा आहे अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाने केली. ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निकाल लिहिला. स्थानबद्धतेने माणसाचे जेवढे स्वातंत्र्य कायद्याने काढून घेतले तेवढेच गेले. बाकीचे त्याच्याजवळच राहते. ते कोणाच्या सवलतीच्या यादीतून यावे लागत नाही. यादीत मनाई नसेल तर सरकारला मनाई करता येणार नाही. सरकारचे अपील फेटाळले गेले.

एका मराठी विज्ञानपुस्तकासाठी राज्य सरकार दिल्लीपर्यंत लढले आणि हरले. त्या हरण्यातून भारतातल्या प्रत्येक कैद्याला एक अधिकार मिळाला. आजही कैद्यांच्या लेखनाचा प्रश्न कोर्टात आला की हा निकाल काढतात. संझगिरींना हे घडवायचे होते का? मला वाटत नाही. त्यांना मराठी वाचकाला अणूची रचना समजावून सांगायची होती. स्वतःवर देशद्रोहाचे किटाळ, बाहेर युद्धज्वर, पुढच्या दिवसाची खात्री नाही, आणि हा माणूस आपल्याला संशयाने पाहणाऱ्या लोकांसाठी सोप्या मराठीत अणू फोडून दाखवतो. लोकांवर इतका विश्वास ठेवणे हा खुळेपणाचा कळस आहे. याहून मोठे देशप्रेम मला माहीत नाही.

बाहेरच्या देशांतले खुळे मोजायला गेलो तर हा लेख संपणार नाही, पण दोघांना टाळता येत नाही. इटलीचा आंतोनियो ग्राम्शी १९२६ साली मुसोलिनीच्या तुरुंगात गेला. हा मेंदू वीस वर्षे बंद पाडला पाहिजे, असे सरकारी वकील म्हणाल्याचे सांगतात. १९२९च्या फेब्रुवारीत त्याला वह्या मिळाल्या आणि शरीर एकेका अवयवाने साथ सोडत असताना त्याने ३३ वह्या भरल्या. १९३७ साली तो वारला. मेहुणी तातियानाने त्या वह्या वाचवल्या. केनियाच्या न्गुगी वा थिओंगोंना १९७७च्या डिसेंबरात एका नाटकामुळे उचलले. गावकऱ्यांनी गिकुयू भाषेत केलेले नाटक होते. इंग्रजीत नाव कमावलेल्या या लेखकाने त्या तुरुंगात ठरवले की यापुढे कादंबरी गिकुयूतच, आणि ती शौचालयाच्या कागदावर लिहिली. झडतीत हस्तलिखित सापडले, जप्त झाले आणि नंतर अधिकाऱ्याने परत दिले. ज्या भाषेमुळे तुरुंग पाहावा लागला ती भाषा आणखी घट्ट धरायची, ही पद्धत टिळकांचीच.

इथवर वाचून मान डोलावणे सोपे आहे. ही सगळी माणसे एक तर गेली आहेत किंवा दूर देशची आहेत. खरी परीक्षा आपल्या डोळ्यांदेखतच्या तुरुंगांची आहे: येरवडा, तळोजा, भायखळा, नागपूर.

भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८च्या जूनपासून अटका झाल्या. त्या ज्या यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली झाल्या, त्यात ४३ड (५) हे कलम आहे. पोलिसांची कागदपत्रे पाहून आरोप वरवर खरे वाटले तरी न्यायालयाने जामीन देऊ नये, असे ते सांगते. म्हणजे खटला उभा राहण्याआधी वर्षे जातात. याच प्रकरणात, याच कायद्याखाली ऑक्टोबर २०२० मध्ये फादर स्टॅन स्वामींना पकडले. वय ८३, हात पार्किन्सन्सने थरथरणारे. पाणी पिण्यासाठी त्यांनी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागून घेतले. या दिवसांत तळोज्यातून त्यांनी जी पत्रे पाठवली त्यांत स्वतःच्या हातांचे रडगाणे नाही. सहकैदी अरुण फरेरा आणि व्हर्नन गोन्साल्विस आपल्याला कसे जेवू घालतात, आंघोळीला कशी मदत करतात, हे आहे. आणि आपल्यावर आरोप काय आहेत हेच ज्यांना सांगितलेले नाही, अशा गरीब कच्च्या कैद्यांविषयी काळजी आहे. ५ जुलै २०२१ रोजी ते वारले, कैदी म्हणूनच. ज्याला पेला धरता येत नाही तो लेखणी धरून दुसऱ्यांची दुःखे लिहितो. अशा माणसाला शहाणा म्हणण्याची माझी इच्छा नाही. शहाणे आम्ही बाहेर होतो.

याच प्रकरणातल्या सुधा भारद्वाज येरवड्याच्या फाशी यार्डात होत्या. तिथून त्यांनी काय लिहिले? समोरच्या आवारात येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची शब्दचित्रे. कोणी नवऱ्याच्या खुनात अडकलेली, कोणी चोरीत, कोणी लेकरू घेऊन आत आलेली. भायखळ्याला हलवल्यावर वकिलीचे शिक्षण कामाला लावून त्या बायकांचे अर्ज लिहून देऊ लागल्या. मला विचाराल तर तुरुंगातल्या साहित्यात या अर्जांची गणना व्हायला हवी. भारतातल्या तुरुंगांत जेवढी माणसे आहेत त्यांतला सुमारे पाऊण हिस्सा कच्च्या कैद्यांचा आहे. त्यांच्यातल्या कित्येकांची गोष्ट कोणीतरी दुसऱ्याने कागदावर आणल्याशिवाय न्यायाधीशासमोर पोचतच नाही.

दुसऱ्या एका खटल्यातले प्रा. जी. एन. साईबाबा नागपूरच्या अंडा सेलमध्ये कविता आणि पत्रे लिहीत होते. ९० टक्के अपंगत्व, चाकाची खुर्ची. आई गेली तेव्हाही पॅरोल मिळाला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून तो निकाल स्थगित केला. मार्च २०२४ मध्ये पुन्हा निर्दोष. सात महिन्यांनी ते वारले. दहा वर्षांचा काळ, त्यातले बहुतेक दिवस कोठडीत, आणि उरले ते कवितांचे पुस्तक. हे लिहिताना माझा संताप आवरत नाही आणि तो आवरावा असेही वाटत नाही.

वाचनाचेही तसेच. भीमा कोरेगाव प्रकरणातल्याच गौतम नवलखांना घरच्यांनी वुडहाऊसचे विनोदी पुस्तक पाठवले, तळोज्याच्या तुरुंगाने सुरक्षेचे कारण देऊन नाकारले. २०२२ साली उच्च न्यायालयाने हा प्रकार हास्यास्पद ठरवला. त्याआधी त्यांचा चष्मा चोरीला गेला, घरून आलेला नवा चष्मा परत पाठवला गेला, तेव्हाही न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. चष्मा नाही तर वाचन नाही, वाचन नाही तर लेखन नाही. ही साखळी तुरुंगाधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते.

आता आपण, म्हणजे मराठी वाचक आणि मराठी सरकार. कोबाड घांदी यांना २०१९ साली सुटेपर्यंत दहा वर्षे वेगवेगळ्या राज्यांच्या तुरुंगांत ठेवले होते. त्यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आठवणींचा अनघा लेले यांनी मराठी अनुवाद केला. ६ डिसेंबर २०२२ रोजी त्याला राज्य सरकारचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला. सहा दिवसांनी पुरस्कार रद्द झाला, निवड करणारी समितीही बरखास्त झाली. पुस्तक नक्षलवादाचे उदात्तीकरण करते, असा आरोप होता. हेच पुस्तक आल्यावर माओवादी पक्षाने २०२१ साली घांदींना पक्षातून काढून टाकले होते. त्यांनी मार्क्सवाद सोडला, अध्यात्माकडे वळले, असा पक्षाचा आरोप होता. बंदुकीच्या राजकारणाला माझा विरोध आहे, तो घांदी यांच्या जुन्या वाटेलाही लागू आहे. पण दोन्हीकडच्या शहाण्यांनी एकाच पुस्तकाला परस्परविरुद्ध कारणांनी दोषी ठरवले, तेव्हा ते पुस्तक माणसाने प्रामाणिकपणे लिहिले असावे असे मी मानतो. लेखक आनंद करंदीकर आणि शरद बाविस्कर यांनी निषेध म्हणून आपले पुरस्कार नाकारले. बाहेरही थोडे खुळे शिल्लक आहेत, याचा मला त्या आठवड्यात आधार वाटला.

गीतारहस्याच्या मोजलेल्या पानांचे आपण कौतुक करतो, ‘श्यामची आई’ मुलांच्या हाती देतो, आणि आजच्या कैद्याची वही मात्र आपल्याला पुरावा वाटते. १९०८ सालच्या सरकारलाही ‘केसरी’चा अंक पुरावाच वाटला होता. हे लिहिणारे सगळे निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. ते न्यायालयाने ठरवावे, आणि लवकर ठरवावे. लिहू देणे हे निकालावर अवलंबून ठेवू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून काही मागण्या करतो. त्या शहाण्यांनाही परवडतील अशा आहेत. प्रत्येक कैद्याला, पक्का असो वा कच्चा, वही आणि लेखणी मागितल्यावर मिळावी. चष्मा, श्रवणयंत्र आणि स्ट्रॉ यांसाठी न्यायालयात जावे लागू नये. पुस्तक नाकारायचे असेल तर तुरुंगाधिकाऱ्याने कारण लेखी द्यावे आणि त्याखाली सही करावी. लिहिलेले घरी पाठवायला किती दिवसांत परवानगी मिळेल, याची मुदत ठरवून ती बराकीत लावावी. आणि संझगिरी खटल्याच्या निकालाचे सोप्या मराठीत भाषांतर करून राज्यातल्या प्रत्येक कारागृहाच्या ग्रंथालयात ठेवावे. तो खटला एका मराठी पुस्तकासाठीच लढला गेला होता आणि त्यात हरलेला पक्ष महाराष्ट्र शासन होते. भाषांतराचा खर्च शासनानेच करावा.